बोलावणं आमच्या घरी

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की देवाने माझी प्रार्थना ऐकली आहे. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये.

चौलजवळच्या आमच्या वाडीत ऑक्टोबरभर मरियामातेची मूर्ती रोज एकेका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी सगळी ख्रिस्ती मंडळी तिथे जमतात, जपमाळेची प्रार्थना होते आणि शेवटी कुणीतरी मोठ्याने मागतं, "प्रभू, आमच्या वाडीतल्या एखादीला मठात तुझ्या सेवेसाठी बोलाव." आवाज खणखणीत म्हणून हे मागणं वर्षानुवर्षं माझ्याकडे. मी डोळे मिटून, हात पसरून असं काही मागायचो की म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

यंदा मूर्ती आमच्या घरी आली. माझं मागणं झालं, सगळे 'आमेन' म्हणाले आणि आमची एकुलती एक लेक उभी राहिली. "बाबा, मला बोलावणं आलंय. मी सिस्टर होणार. जूनमध्ये मठात जायचंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणावं तर घर रिकामं. नाही म्हणावं तर कुठल्या तोंडाने? त्यात लेकीचा चेहरा इतका समाधानी, की भांडायलाही जागा नाही.

"देवाची इच्छा," प्रार्थनेला आलेले फादर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

तेवढ्यात उकडलेले चणे वाटणारी माझी बायको मूर्तीकडे वळून भरल्या घरात ओरडली, "अगं माउली, हे शेजाऱ्यांच्या पोरींसाठी मागत होते गं!"