दामूशेठच्या गोठ्यातले डास

उभी नोकरी पेण-रोहा भागात मलेरिया खात्यासाठी डास पकडण्यात गेली. हाती डासांपेक्षा लोकांचे संशयच जास्त लागले! डास निदान बाटलीत बसतात. संशय डोक्यात राहतात आणि असे गप्पांना बसलो की बाहेर पडतात.

*

गडब गावात दामूशेठच्या गोठ्यात पहाटे मी काचेची नळी तोंडात धरून भिंतीवरचे डास आत ओढत होतो. मागे दामूशेठ!

"साहेब, धरताय का सोडताय? बाटली दाखवा आधी!"

तेव्हापासून गोठ्यात शिरताना एकदा आणि निघताना एकदा, माझी झडती ठरलेली.

*

त्याच पावसाळ्यात त्याच्या सुनेला मलेरिया झाला. ताप आदिवासी वाडीवरूनच आला, हे त्याने ठरवूनच टाकलं. वाडीवरून भातलावणीला आलेल्या भागीला बांधावरच अडवलं.

"रक्त तपासून ये, मंगच शेतात पाय टाक!"

मी भागीचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, तपासायला पाठवला. रिपोर्ट स्वच्छ.

"काच तुमची, रिपोर्ट पण तुमचाच!" दामूशेठ म्हणाला.

भागीची अख्ख्या लावणीची मजुरी बुडाली. मला असा संताप आला होता!

*

संशयात आमचं ऑफिसही मागे नव्हतं. काही डास दिसायला हुबेहूब सारखे, पण जाती वेगळ्या. एक मलेरिया पसरवते, दुसरी जवळजवळ नाही. फरक फक्त डीएनएमध्ये, आणि तपासायला डासाचा एक पाय पुरतो. आमच्या सिनिअर मोकलांना हे काही पटेना. त्यांनी एकाच डासाचे दोन पाय दोन नळ्यांत घातले, एकीवर 'डोलवी' गाव लिहिलं, दुसरीवर 'जिते', आणि लॅबची परीक्षा घ्यायला पाठवले.

दोन्हींचं उत्तर एकच आलं.

मोकल म्हणाले, "बघितलंत? कॉपी करतात!"

*

मग मी वाडीवरचे आणि दामूशेठच्या गोठ्यातले डास तपासायला पाठवले. वाडीवरचे सगळे निरुपद्रवी जातीचे. मलेरिया पसरवणारी जात निघाली ती दामूशेठच्या गोठ्यात!

"वाडीवरनंच उडून आले असतील," तो म्हणाला.

कापणीला मात्र त्याला माणूस मिळेना. निम्मं गाव कंपनीत शिफ्टला. शेवटी तो स्वतः वाडीवर भागीच्या दारात आला. मी तिथेच डास शोधत होतो.

"भागे, उद्यापासून ये गो कापणीला."

भागी उंबऱ्यातच उभी राहिली. त्याच्याकडे न बघता मला म्हणाली,

"साहेब, सुई हाय ना तुमच्याकडं? आधी शेटचं बोट टोचा. मंग बघू."