यंदा लोकेशन टाकलं न्हाई

गड्यांनो, दसऱ्याच्या सुट्टीत मी दरसाल मैलूरचा गोंगाट सोडून दूरच्या एका उजाड माळावर निवांत पडायला जातो. तिथं एकच आपटा. मेंढ्या राखणारे शरणप्पा अण्णा त्याची पानं हातावर ठेवून मला सोनं देतेत.

आज गेलो तर आपट्याला एक पान न्हाई. फांद्या मोडलेल्या, बुडाशी बाटल्या, गवतात गाड्यांच्या चाकोऱ्या.

"कुणी केलं अण्णा?"

"कालपासून गाड्या यायल्यात. रस्ता तूच मोबाईलवर दावलास म्हणायलेत."

व्हय. मागल्या दसऱ्याला फोटोखाली लोकेशन मीच टाकलं होतं. तुम्ही लाईकवर लाईक दिलाव, मी फुगलो.

अण्णांनी रिकाम्याच हातानं माझा हात धरला. "सोन्यासारखं ऱ्हा," म्हणाले.

दुपारपासून तुमचे मेसेज यायलेत, यंदा लोकेशन कामून टाकलं न्हाईस?

कळलं का आता?