जिन्यामागचा तेरडा

आक्का, चौऱ्याण्णव साली नामपूरच्या स्टँडवर मी गाडीत बसले, तेव्हा आई खिडकीची दांडी सोडायला तयार नव्हती. डोळे पुसत एकच सांगत होती, "पोरी, तिकडे कुणी काही दिलं ना, तर आधी इचार, का दिलं म्हनून." तुम्ही सगळे हसलात. मी मात्र ते वाक्य गाठीला बांधून नाशिकला आले.

सिडकोतलं आमचं तळमजल्याचं घर. मागे जिना आणि कंपाउंडच्या मध्ये जेमतेम दोन हात रुंद माती. दिवसभर सावली, ऊन नावाला नाही. कांद्याच्या उघड्या रानात वाढलेली मी, मला तिथे जीव गुदमरल्यासारखं व्हायचं. मोगरा लावला, मेला. शेवंती लावली, तिला कळीच धरेना. नर्सरीवाल्याने जाणूनबुजून मरतुकडी रोपं दिली असणार, अशी माझी खात्रीच होती.

मग काशीने बियांची पुडी आणून दिली. काशी आमच्या वॉचमनची बायको, हरसूलकडची. सणावारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, फुलं विकायची. "तेरडा हाय ताई. सावलीत लय येतो. पुरू नका, वरच भुरभुरा. वीतभर झाला की शेंडे खुडा, म्हंजे उंच न जाता पसरंल."

ही फुकट का देतेय? पहिला विचार हाच आला बघ. पुढे पाण्याची बादली मागेल, नाहीतर जुनी साडी. तिने काहीच मागितलं नाही, त्याचाही मला संशय आला. मी शेंडे खुडत गेले आणि श्रावणात ती काळी माती दिसेनाशी झाली. गुलाबी, जांभळी फुलं, अगदी जमिनीला चिकटून. नाशकात पहिल्यांदा मला काहीतरी आपलं आहे असं वाटलं. काशी रोज येऊन बघायची, तर मी पडद्याआडून तिच्यावर लक्ष ठेवायची.

गौरी यायच्या दिवशी सकाळी मागचं दार उघडलं, तर मधली बारा-पंधरा रोपं गायब! मुळासकट उपटलेली. मी तडक नळावर गेले आणि चार बायकांसमोर काशीला म्हणाले, "गंगेवर फुलं विकायला बसतेस ना सणाला? माझीच सापडली का गं?"

ती हातातला हंडा तसाच धरून उभी राहिली. "मीच दिल्यालं मी कशाला उपटू, ताई?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, नाटकं करू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं. त्या कोकणातल्या. आपल्याकडे पितळी मुखवट्यांच्या गौरी, मला वाटलं सगळीकडे तशाच. बघते तर पाटावर माझा तेरडा! त्याची जुडी बांधून तिला हिरवी साडी नेसवलेली, वर मुखवटा.

"आमच्यात तेरड्याचीच गौर असते," काकू म्हणाल्या. "मुळासकट आणायची. जिन्यामागे आपोआप उगवलेला मिळाला, देवीच पावली म्हणायची!"

कुंकू न लावताच मी उठले. तशीच जिना उतरून काशीच्या खोलीकडे पळाले. दाराला कुलूप. सकाळीच दोघं काम सोडून बोचकी घेऊन गेले, असं इस्त्रीवाला म्हणाला. पुढे मी हरसूलच्या बाजारात तीनदा जाऊन आले. तिचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं, मग कुणाला काय सांगणार?

आता मुलगा पुण्याला बोलावतो. तूही म्हणतेस, नामपूरला ये, घर तुझंच आहे. आहेच गं. पण नामपूरला मी कुणाचं वाईट केलेलं नाही, तिथून कधीही उठून जाता येतं. इथून पाय निघत नाही. काशी कधी या बाजूला आलीच, तर चार बायकांसमोर तिची माफी मागायला मी इथेच सापडले पाहिजे.