वांग्यासारखी फळी

माझ्या धाकट्या भावाला सरळ रेघ मारता येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून लोक त्यालाच कारागीर म्हणतात आणि माझ्या पोटात दुखतं. कारागीर मी आहे. सुरतच्या लिंबायतमध्ये लग्नाच्या मांडवांसाठी थर्माकोलच्या कमानी, मोर, हत्ती, जे म्हणाल ते गरम तारेनं कापून देतो. तो रिक्षा चालवतो.

माझी मुलगी कॉलेजच्या सहलीत दीवला गेली आणि तिथे भाड्यानं मिळणाऱ्या सर्फिंगच्या फळीवर उभी राहून आली. परत आल्यावर तिला दुसरं काही सुचेना. स्वतःची फळी हवी, ती म्हणे ज्याच्या-त्याच्या मापानं बनवून घेतात. आणि हे तिनं सांगितलं कोणाला, तर काकाला. थर्माकोल माझ्याकडे, तार माझ्याकडे, ताटावर समोर मी बसलेलो, आणि विचारलं काकाला. त्याला ती 'तू' म्हणते, मला 'तुम्ही'. पूर्वी त्याचं मला कौतुक वाटायचं. आता प्रत्येक 'तुम्ही' भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो.

भावाला मूलबाळ नाही. तो आणि त्याची बायको आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतात. मुलीला शाळेत सोडणं-आणणं सगळी वर्षं त्यानंच केलं, कारण मला मांडवाच्या कामातून सवड नसायची. घरचा माणूस आहे, बरं आहे, असं आम्ही दोघं नवरा-बायको म्हणत आलो.

त्यानं माझ्याच गोदामातून थर्माकोलचा जाड ठोकळा नेला. गच्चीवर घासून घासून त्याला फळीचा आकार आणला, वर फायबरचं कापड पसरलं आणि पाण्याच्या टाक्यांना लावतात ते स्वस्त रेझिन त्यावर ओतलं. त्या रेझिननं थर्माकोल विरघळतो, हे माझ्याकडे काल कामाला लागलेला पोरगाही सांगेल. डोळ्यांदेखत फळी आतून बसत गेली आणि गच्चीभर घाण वास सुटला. मी पोट धरून हसलो. त्या महिन्यात इतका आनंद मला दुसऱ्या कशाचाच झाला नव्हता. पण मुलगी हसली नाही. ती काकाशेजारी बसून तो चिकट लगदा खरवडायला लागली, तेव्हा मी खाली निघून आलो.

दुसऱ्या वेळी त्यानं चौकशी करून थर्माकोलला न खाणारं रेझिन, एपॉक्सी, आणलं आणि फळी टिकली. दिसायला मात्र भरताचं वांगं: पुढे निमुळती, मागे फुगलेली, कडा ओबडधोबड. रविवारी ती रिक्षाच्या टपावर बांधून दोघं डुमसच्या पुढे जायला लागले. आमच्या सुरतेचा समुद्र म्हणजे गढूळ पाणी आणि चिखल. भरतीला कमरेएवढी लाट आली तरी नशीब. संध्याकाळी ती केसांत वाळू घेऊन यायची आणि आईला सांगत बसायची, आज उभी राहिले, आज वळले. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

शेवटी मला राहवेना. तिला खरी फळी मीच देणार, असं मनाशी ठरवलं. फोनवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. त्यात एक रचना मला फार आवडली. फळीवर माणूस एका कडेकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून ते बोटांच्या बाजूची कड लांब ठेवतात आणि टाचांच्या बाजूची आखूड. त्यानं वळणं सोपं जातं. वांगं बनवणाऱ्याला हे जन्मात सुचलं नसतं. कोणासाठी बनवतोय ते घरात मी सांगितलं नाही. समुद्रावर नेऊन तिच्या हातात द्यायची होती. शेवटचं पॉलिश झालं तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली. भाऊही आला, फळीवरून हात फिरवत राहिला आणि आमच्या अहिराणीत म्हणाला, "दादा, तुना हात म्हणजे हात शे." मला तेही खपलं नाही. मला त्याला जळताना बघायचं होतं.

त्या रविवारी दोन्ही फळ्या टपावर बांधून मीही त्यांच्याबरोबर गेलो. भरती चांगली होती. "घे, बघ जरा," म्हणून फळी मी तिच्या पुढे केली. ती पाण्यात शिरली, उभी राहिली, वळायला गेली आणि पडली. पुन्हा उभी राहिली, पुन्हा पडली. भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, पोरगीना उजवा पाय पुढे ऱ्हास. तुले मालूम नै का?"

व्हिडिओतली माणसं डावा पाय पुढे ठेवून उभी होती. मी फळी तशीच कापली होती. उजवा पाय पुढे घेतला की तोंड उलट बाजूला होतं, म्हणून तिच्या टाचांखाली लांब कड आली होती आणि बोटांखाली आखूड. तुला कसं माहीत, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, शाळेच्या दारात रिक्षातून उडी मारायची तेव्हापासून ती उजवाच पाय पुढे टाकते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या शाळेचं दार कोणत्या रंगाचं होतं, तेही मला आठवेना.

मग ती वांग्यावर चढली. लाट आली तशी ती उठली, उजवा पाय पुढे, गुडघे वाकवलेले, आणि वळली. इतकी सुंदर वळली की मला रडू यायला लागलं. वळून झाल्यावर तिनं काठाकडे पाहिलं, काका कुठे आहे ते.

निघताना तिनं माझी फळी ओढणीनं पुसली आणि जपून टपावर चढवली. "पप्पा, तुमची फळी एकदम भारी आहे," ती म्हणाली. "तुमच्या पायाला बराबर बसेल. पुढच्या वेळी तुम्ही पण पाण्यात उतरा."

मी दोरीचं टोक धरून उभा राहिलो. तिनं गाठ आवळली.

"आणि कधी सवड मिळाली ना पप्पा," ती म्हणाली, "तर एक माझ्यासाठी पण बनवा."