खुर्चीवरचा डोळा

हसू न आवरणाऱ्या माणसाने झाडावर चढावे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाला कोणत्याही नियमावलीत आढळले नाही. आणि जिच्यामुळे तो उद्भवला तिला विचारावे, तर तिला हसूच फुटते.

झाडे छाटणाऱ्या पथकात तिला सगळे खिदळी म्हणत. खाली पडलेल्या फांद्या ओढून नेणे हे तिचे काम. जीव मात्र सदैव शेंड्यात अडकलेला. मुकादम शिस्तीचा पक्का.

“वर जाऊन खिदळलीस आणि हात सुटला म्हणजे? खिदळणाऱ्याला मी दोर देत नाही.”

“मग माझा दोर मीच करते.”

मुकादमाने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि कोऱ्या दोराचे वेटोळे तिच्यापुढे टाकले. “शनिवारी वजन टांगून बघू. टिकला तर चढ. पण वीतभरही आखूड झालेला चालणार नाही, मोठ्या झाडाला हा जेमतेम पुरतो. बिघडवलास, तर चढायचं नाव पुन्हा काढायचं नाही.”

चढायच्या दोराच्या टोकाला जो पक्का फास लागतो, त्याला या धंद्यात डोळा म्हणतात. तिथे गाठ मारून भागत नाही, कारण दोर कमकुवत होतो तो गाठीपाशीच. टोक वळवून पोकळ सुईने दोराच्याच पोटात ओढून घ्यायचे, वरची वीण चोळत चोळत त्यावर बसवायची आणि शेवटी टाके घालायचे. दोराने एकदा आपली शेपटी गिळली की तो ती परत देत नाही. जितका ताण, तितकी त्याची मिठी घट्ट. हे सारे तिने टाकाऊ तुकड्यांवर घोटून घोटून हातात बसवले होते.

शनिवारी सकाळी ती बाहेरच्या खोलीत ठाण मांडून बसली. वीण चोळताना दोर ताणून धरायला काहीतरी हवे, म्हणून तिने टोक सासूबाईंच्या लाकडी खुर्चीच्या हाताखालून घेतले आणि कामात अशी बुडाली की हाक मारली असती तरी ऐकू गेली नसती. शेवटचा टाका पडला आणि ती किंचाळलीच, “लागला! डोळा लागला!”

तिचा नवरा त्याच पथकाच्या यांत्रिक करवती सांभाळी. तो मागच्या अंगणात साखळीचे दात कानशीने घासत होता. “लागला ना? मग झोप की! ओरडतेस कशाला?”

ती दोर घेऊन नाचायला उठली, तर मागोमाग खुर्चीही उठली. डोळा खुर्चीच्या हाताभोवतीच मिटला होता. आणि तो हात तर पाठीपासून बैठकीपर्यंत अखंड, कुठूनही न निसटणारा.

सासूबाई तोंड पुसत आल्या. आधी खुर्चीकडे, मग दोराकडे, मग सुनेकडे त्यांनी पाहिले. “माझ्या खुर्चीवर तुझा डोळा आहे, हे मी पहिल्या दिवसापासून ओळखून होते गं. पण इतका घट्ट?”

नवराही आत आला आणि तिघेही पोट धरून हसली. सर्वांत आधी थांबली ती खिदळीच. “दोर कापला तर आखूड होईल, आई. आणि आखूड झाला तर...” तिचे हसू असे मध्येच विझलेले त्या घराने कधी पाहिले नव्हते.

“मग खुर्ची काप,” सासूबाई मुलाला म्हणाल्या.

“आई, बाबांनी स्वतः केलेली खुर्ची आहे ती!”

“म्हणूनच सांगते. त्यांना सगळं जास्तच करायची सवय. उठताना मी उजवा हात धरते, डावा नुसता शोभेला आहे.”

खुर्ची अंगणात नेली. खिदळीने डोळा एका टोकाला सरकवून धरला. साधी हातकरवत आठवावी इतके भान कोणालाच उरले नव्हते. नवऱ्याने नुकतीच लख्ख केलेली यांत्रिक करवत सुरू केली. ती गरजली, थरथरली, धुराने अंगण भरले. लाकडावर मात्र फक्त काळा पट्टा उमटला.

“अरे, कापतोयस की शेकतोयस?” सासूबाईंनी विचारले.

त्याने करवत बंद करून वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला. इतके घासूनपुसून त्याने साखळी उलटी बसवली होती. दातांची तोंडे मागे! आता हसून हसून सासूबाईंनाच बसायला जागा हवी होती, आणि खुर्ची तर कामात गुंतलेली. साखळी सुलटी झाल्यावर हात लोण्यासारखा कापला गेला आणि डोळा मोकळा झाला. खिदळी पुन्हा जी हसत सुटली, ती झाडाखाली पोहोचेपर्यंत.

तिथे डोळ्याला वाळूच्या गोणी टांगल्या. फांदी कुरकुरली, डोळा ढिम्म हलला नाही. मुकादमाने वीण चिमटीत धरून तपासली. “हा भुसा कसला?”

“सासूबाईंचा डावा हात,” ती म्हणाली आणि सगळा प्रकार ऐकवला. ऐकता ऐकता मुकादमाच्या तोंडातली शिट्टी गवतात पडली. डोळे पुसत त्याने कमरपट्टा तिच्या हातात दिला.

ती सरसर वर गेली. शेंड्याखालच्या बेचक्यात पोहोचताच तिला असे हसू लोटले की भोवतालची पाने सळसळली.

“खिदळे, हात!” मुकादम खालून ओरडला. “हात सांभाळ!”

“दोन्ही सोडलेत!” वरून उत्तर आले. “दोरानं धरलंय मला!”

२०१८ साली तो मुकादम निवृत्त झाला आणि त्याच्या जागी तिची नेमणूक झाली.