पाचव्या जागेखालची सही

वसुधाताई कर्णिक यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आनंदनगरच्या रंगांच्या कारखान्यात, नव्वद साल लागायच्या सुमारास. कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख असूनही ताई फरशीवर बसल्या होत्या. प्रोग्रामचे छापील कागद पुढे अंथरलेले, हातात लाल पेन्सिल. एकच आकडेमोड दुसऱ्यांदा दिसली की त्या खूण करत. म्हणाल्या, "इथे वास येतोय. अजून नासलं नाही, पण नासेल." मी त्यांच्या विभागात नुकताच लागलो होतो; मला हसू आलं. चालणारा प्रोग्राम उचलायचा आणि दुसरीकडे चिकटवायचा, एवढीच तेव्हा माझी विद्या.

त्यांचा आणखी एक रिवाज होता. प्रोग्राममधली नावं त्या बाळारामदादांना वाचून दाखवत. बारवी धरणाकडचे दादा रसायनांच्या भांड्यावर काम करत. "मॅडम, यो टी-दोन कोन हाय?" दादांनी एकदा विचारलं. ताईंनी त्याच दिवशी ते नाव बदलून 'तापमान' केलं.

भांड्यात काय किती घालायचं याची चिठ्ठी कॉम्प्युटर छापून देई. ते गणित चार प्रोग्राममध्ये वेगवेगळं लिहिलेलं होतं. ते एका जागी आणायला ताईंनी पंधरा दिवस मागितले. कारखान्याचे साहेब म्हणाले, "चालतंय ना? मग हात कशाला लावता?" त्याच सुमारास लहान भांड्यासाठी मी नवा प्रोग्राम केला आणि तेच गणित त्यात चिकटवलं. ताईंना सांगितलं नाही. पुढे आम्लाचं प्रमाण बदललं. ताईंनी चारही जागा दुरुस्त केल्या. पाचवी त्यांना ठाऊकच नव्हती. तिथली चिठ्ठी जुन्याच प्रमाणाची निघाली, लहान भांडं उतू गेलं आणि बाळारामदादांचा उजवा डोळा गेला.

पाचवी जागा माझी, हे मी चौकशीत सांगितलं नाही. ताईंनी लिहून दिलं, 'तपासणी माझी होती, चूकही माझी,' आणि सही केली. त्यांचं प्रमुखपद गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद अंथरले, लाल पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बस. पाचही जागा एक करू." एक लहानसा बदल करायचा, जुन्या चिठ्ठ्या नव्यांशी ताडून बघायच्या, मगच पुढे जायचं. हे मी त्यांच्याकडून शिकलो, पण फार उशिरा. त्याची लाज आजही वाटते.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यानिमित्त लवकरच त्यांचा सत्कार आहे. त्या कात्रपला राहतात आणि दर महिन्याला दादांना भेटून येतात. माझं नाव त्यांनी आजवर कुठेच घेतलेलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी दादांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मंग मॅडमला सांग, येवरी वर्सं मी त्यांनाच माफ करत व्हतो."

ताई, हा निरोप मी सत्काराच्या दिवशी तुमच्यासमोर उभा राहून सांगणार आहे. त्यानंतरही खूप वर्षं तुम्ही धडधाकट असा, आणि माझे कागद तपासत राहा.