एकोणिसावा नंबर

त्या माणसाचा मला राग होता, आणि तो मी जपून ठेवला होता.

म्हसावदकडच्या आमच्या शेतकरी गटात केळी कटाईची यादी तो लिहायचा. घड तयार झाले की शेतकऱ्याने नंबर लावायचा. नंबर आला की मजुरांची टोळी आणि गाडी तुमच्या बागेत. केळी हिरवी असतानाच कापावी लागतात. पिवळी पडली की व्यापारी हात लावत नाही. हा यादी लिहायचा पेन्सिलीने. माझ्या वडिलांचा, आबांचा, नंबर त्याने तीनदा खोडून खाली सरकवला. आबा विचारायला गेले की म्हणायचा, "वहीमा जागा नही शे." आमची अर्धी बाग झाडावर पिकली आणि गुरांनी खाल्ली. त्याच दिवशी ठरवलं, याचा खोडरबर काढून घ्यायचा.

मी शहाद्याला कॉम्प्युटर शिकले होते. यादी मोबाईलवर आणते म्हटलं, तर तो भर बैठकीत हसला. "सर्वर कोठे ठेवशी, पोरी? गोठामा?"

सगळे हसले. मीही हसले, आतून जळत.

सर्वर ठेवायचाच नव्हता. क्लाउडवरचा सर्वरलेस डेटाबेस म्हणजे मशीन दुसऱ्याचं, निगा दुसऱ्याची. आपण फक्त आपलं टेबल मांडायचं. ईमेल टाकून खातं उघडलं, मशीन कुठलं हवं तिथे मुंबईचा विभाग निवडला, जोडणीची एक लांबलचक ओळ मिळाली ती कोडमध्ये चिकटवली. पहिल्यांदा यादी मागवली तर काहीच येईना. मला वाटलं, फसलं सगळं. मग कळलं, कोणी वापरत नसलं की असा डेटाबेस झोपतो आणि हाक मारली की उठायला थोडा वेळ घेतो. टेबलात मोजके कॉलम केले: शेतकरी, गाव, नंबर लावल्याची वेळ. वेळ डेटाबेस स्वतः टाकणार. बदलायची सोय कुणालाच ठेवली नाही.

गटाला ते पटलं. वही कपाटात गेली. त्याने रुसून महिनाभर मोबाईलला हात लावला नाही. ऊन वाढलं, त्याचे घड भराभर भरले, तेव्हा नंबर लावला. एकोणिसावा. मी मुद्दाम वाट वाकडी करून त्याची बाग बघून आले. एक-दोन घड पिवळे व्हायला लागले होते. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आमच्या अंगणात आला. "ताई, काही करता यी का?" पोरीची ताई झाली होती.

"यादीमा बदल व्हत नही, भाऊ," मी गोड आवाजात म्हटलं.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांचा नंबर चौथा होता. ते म्हणाले, "मन्हा नंबर त्याले दी टाक. मन्हा घड आठ दिन थांबतीन."

मी म्हटलं, "अदलाबदलीना कॉलमच नही शे, आबा."

खोटं नव्हतं. पण तो कॉलम एका ओळीचं काम होतं, हे मला ठाऊक होतं.

 आबा त्याच्याकडे बोट करून मला म्हणाले, "हाऊ बी आसंच सांगे."

मी लॅपटॉप उघडला. डेटाबेस झोपला होता. तो उठायची वाट बघितली. मी कॉलम टाकला, त्याला चौथा नंबर दिला. आबांनी ते त्याच्यासमोर बोलायला नको होतं, हा राग मात्र अजून गेलेला नाही.